डावा पाय

"डावा रं, डावा!"

आईचा दबका आवाज आला तशी वीरधवलने उजव्या घोट्याभोवती गुंडाळलेली क्रेपची पट्टी भराभर सोडायला घेतली. अंगणात लालासाहेब चपला काढत होते. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी दोनदा खाकरायची त्यांची जुनी पद्धत, त्यामुळे तेवढीच काय ती सवड. घाईत पट्टीचा गुंडाळा हातातून निसटला आणि उलगडत थेट उंबऱ्यापर्यंत गेला. मंगलबाईंनी तो पायानेच कॉटखाली सारला, पदर सावरला आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"या भावजी. च्या टाकू?"

"च्या ऱ्हाऊ द्या, वैनी. आमच्या जवानाचा पाय काय म्हंतोय?"

"काय म्हननार. दुखतोय आजून."

तोवर कॉटखालून ओढून घेतलेली पट्टी डाव्या पायावर आली होती. ढिली, वेडीवाकडी, पण आली होती. लालासाहेब आत आले, कंबरेचा रुंद पट्टा दोन्ही हातांनी नीट केला आणि मग बेताबेताने खुर्चीवर टेकले. फौजेतून नायक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते गावातलं दूध संकलन केंद्र चालवत, आणि तेव्हापासून तो पट्टा त्यांच्या कंबरेला होता. पाठीचा मणका सरकलाय, असं ते सांगत. माणूस मनाने फार चांगला. रोज यायचे आणि रोज नवा उपाय घेऊन यायचे. आज निर्गुडीचा पाला होता.

"ह्याचा शेक घ्यायचा. चार दिसांत उड्या मारतोस बघ."

"व्हय, काका," वीरधवल म्हणाला, आणि हसल्यासारखं केलं. ते हसणंही त्याला हल्ली पट्टीसारखं आयत्या वेळी ओढून बांधावं लागे.

पायाला त्याच्या काहीही झालं नव्हतं. डाव्याला नाही आणि उजव्यालाही नाही.

झालं होतं ते सांगायला अवघड होतं, कारण तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. चकमक झाली नव्हती, बर्फाचा कडा कोसळला नव्हता, डोळ्यांदेखत कुणी सोबती गेला नव्हता. तसं काही असतं तर निदान सांगता आलं असतं. डोंगरातल्या त्या चौकीवर हिवाळ्यात आधी त्याची झोप उडाली, मग भूक मेली. मग एका सकाळी बुटांना पॉलिश करता करता ब्रश हातात तसाच राहिला. पुढचा हात मारायचा तो कशासाठी, हेच त्याला कळेना. सोबतच्यांनी आधी थट्टा केली, नंतर थट्टा थांबवली आणि साहेबांच्या कानावर घातलं. लष्करी इस्पितळातल्या मेजर बाईंनी त्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की याला डिप्रेशन म्हणतात, ताप येतो तसा हाही आजार येतो, यात भित्रेपणा नाही आणि तुझी चूकही नाही. सिक लिव्हवर घरी धाडताना त्यांनी गोळ्या दिल्या. त्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, रोज सकाळी उजेडात भरपूर चालायचं, आणि घरातल्या एका तरी माणसाशी खरं बोलायचं, एवढं त्यांनी दोनदा बजावलं.

घरी आला त्या संध्याकाळीच वीरधवलने हे सगळं वडिलांना सांगून टाकलं. एका दमात, भिंतीकडे बघत. नानासो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे सुभेदारच म्हणत. नोकरीत त्यांचा उजवा गुडघा दुखावल्याचं सारं गाव जाणून होतं, तो अजून पुरता वाकत नसे. पण त्या लंगडण्याचासुद्धा गावात मान होता. पंधरा ऑगस्टला ते शाळेच्या मैदानातून लंगडत झेंड्याकडे निघाले की पोरं कुणी न सांगता ताठ उभी राहत.

नानासोंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"येताना वाटंत कुनाला बोललास का हे?"

"न्हाई, आबा."

"मग बोलू बी नगंस. पाय मुरगळलाय म्हनायचं. डावा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः साताऱ्याला जाऊन पट्टी घेऊन आले.

त्यांचंही काही खोटं नव्हतं. गावात घरटी एक माणूस फौजेत. गोळी लागलेला माणूस गावाला चालतो, बर्फात बोटं गमावून आलेला चालतो, पण डोकं दुखावून आलेला चालत नाही. ज्ञानूचं काय झालं ते नानासोंनी पाहिलं होतं. त्यांच्याच बरोबर भरती झालेला ज्ञानू मध्येच घरी धाडला गेला आणि मग आयुष्यभर पारावर बसून राहिला. गाव त्याच्या नावाआधी 'येडा' लावल्याशिवाय त्याला हाक मारत नसे. लग्न जमलं नाही. वाटणीत भावांनी गोठ्याशेजारची खोली दिली. तो गेला तेव्हा खांदा द्यायला माणसं शोधावी लागली होती.

पण घोळ असा झाला, की ज्याचा पाय मुरगळलाय त्याने सकाळी उठून गावातून चालायचं कसं?

सुरुवातीला वीरधवल उजाडायच्या सुमाराला स्लॅबवर जाऊन फेऱ्या मारी. चार-पाच दिवस बरे गेले. पूर्वेला उसाच्या शेतांवर उजेड चढताना बघितला की छातीवरचा दगड थोडा बाजूला सरकल्यासारखं वाटे. मग शेजारच्या चंद्राबाईंनी शेणी थापता थापता हाळी दिली, "आगं मंगल, तुमच्या स्लॅबवर कोन गं फिरतंय तरातरा?" त्या दिवसापासून स्लॅबही बंद झाला.

राहिली पट्टी. ती पायावर चढली की पडून राहायचा परवानाच मिळे. कुणी उठ म्हणायचं नाही, आंघोळ कर म्हणायचं नाही, उलट "पडून ऱ्हा बाबा" असंच सगळे म्हणत. त्याच्या आजाराला नेमकं तेच हवं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडे आणि सकाळची दुपार होई. गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवलेल्या, मंगलबाई त्या आल्यागेल्यासमोर "हाडाला बरं" म्हणून देत. घरात बोलणं व्हायचं ते फक्त पायाचं. कुणी आंबेहळद आणली, कुणी एरंडाची पानं, एकाने तर कुठूनसं अस्वलाचं म्हणून तेल आणलं. पायासाठी गावाने पाल्याचा भारा लावला होता. खऱ्या दुखण्यासाठी एक पानही कुणी आणू शकत नव्हतं, कारण ते दुखणं कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि वीरधवलला मनातून भीती वाटू लागली होती, की आपण असेच पडून पडून एक दिवस संपून जाऊ आणि गाव म्हणेल, पायाचं निमित्त झालं.

तो विहिरीकडे निघाला की मंगलबाईंना तिकडचंच काहीतरी काम आठवे. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

---

लालासाहेबांनी आपल्या परीने शेवटचा उपाय केला. कुणाला न सांगता ते मोटरसायकल घेऊन शिराळ्याकडे गेले आणि हाडं बसवणाऱ्या केरबाला मागे बसवून घेऊन आले. केरबाचं नाव लांबलांबपर्यंत होतं. तो आलाय म्हटल्यावर चंद्राबाई आल्या, रस्त्याने चाललेली दोन-चार माणसं आत शिरली, आणि घराचा पुढचा सोपा भरून गेला. नानासो मळ्यात उसाला पाणी देत होते, त्यांना बोलवायला कुणीतरी पळालं.

"आवं भावजी, आता बराच उतार हाय की," मंगलबाई म्हणाल्या. "कशाला उगं तरास त्यास्नी."

"काल तर म्हनलासा, रातभर ठणकत हुता म्हनून?"

रोज एवढं खोटं बोलायचं म्हणजे आदल्या दिवशीचं लक्षात ठेवायला हवं, आणि त्या बिचारीला ती सवय नव्हती.

केरबाने पट्टी सोडली. घोट्याभोवती अंगठा फिरवला, डोळे मिटले, मान डोलावली. सगळे श्वास रोखून बघत होते. वीरधवलला वाटलं, आता हा म्हणणार, की पाय ठणठणीत आहे. त्याला भीतीही वाटली आणि कुठेतरी आत, सुटलो एकदाचा, असंही वाटलं.

"सरकलाय," केरबा डोळे न उघडता म्हणाला. "जरा न्हवं, चांगलाच सरकलाय. धरा रं त्येला खांद्याला."

लालासाहेबांनी खांदे धरले. केरबाने टाच एका हातात घेतली, चवडा दुसऱ्या हातात घेतला आणि काय होतंय ते कळायच्या आत असा काही हिसका दिला, की हाडाचा कट्‌ आवाज साऱ्या सोप्याला ऐकू गेला.

"बसला!" केरबा म्हणाला.

वीरधवल किंचाळला. त्या चांगल्या, धडधाकट पायातून कळ निघाली ती थेट मस्तकात गेली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आलं ते थांबेचना. तो उशीत तोंड खुपसून रडू लागला, आधी मुसमुसत, मग मोकळा आवाज काढून. चौकीवरच्या त्या सकाळपासून आत साठलेलं सगळं त्या रडण्यातून बाहेर येऊ लागलं. आणि नवल म्हणजे कुणी त्याला का रडतोस असं विचारलं नाही. चंद्राबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रड बाबा, रड. लय कळ लागती, मला ठाव हाय."

कुणी पाणी आणलं, कुणी पंखा वाढवला. लालासाहेबांचेही डोळे भरले होते. दुखणं दाखवता आलं की माणसं किती जवळ येतात, ते रडता रडताही वीरधवलला कळत होतं, आणि त्यामुळे त्याला आणखी रडू येत होतं.

नानासो दारात उभे होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, खांद्यावर फावडं तसंच. ते पायाकडे बघत नव्हते, पोराच्या हलणाऱ्या पाठीकडे बघत होते. माणसं निघून गेली, केरबाला लालासाहेब परत सोडायला गेले, तरी ते बराच वेळ तिथेच उभे होते.

---

दिवेलागणीला घोटा टम्म सुजला होता. मंगलबाई आतून भांडी आपटत बोलत होत्या.

"चांगल्या पायाची वाट लावली! डाक्तरीनबाईंनी चालाय सांगितलंय पोराला, आन हितं पाय उपटत्यात. आवं, तुमच्या त्या गावापायी पोरगं जाईल माजं, मग बसा मान संबाळत."

नानासो पट्टी घेऊन कॉटजवळ आले, उजवा पाय सरळ ठेवून खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी वीरधवलचा पाय आपल्या मांडीवर घेतला. इतके दिवस वीरधवल पट्टी स्वतःच बांधत होता. आबांनी आपल्या पायाला हात लावलेला त्याला आठवत नव्हता. तो पाय मागे घेऊ लागला.

"ऱ्हाऊ दे. हलू नगंस."

ते पट्टी बांधू लागले. घोट्याखालून, चवड्यावरून, पुन्हा घोट्यामागून. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही, कुठे ताण कमीजास्त नाही. ते हाताकडे बघतसुद्धा नव्हते, नजर समोर भिंतीवर होती. वीरधवलने तशी पट्टी इस्पितळातही बघितली नव्हती.

"आबा," त्याने मध्येच विचारलं, "तुमी त्या दिशी डावाच का सांगितलासा?"

"उजवा अवघड जातो."

"म्हंजी?"

"गाडीला किक उजव्यानं मारावी लागती. ब्रेक उजव्यानं दाबावा लागतो. गडबडीत ध्यान ऱ्हात न्हाई, आन मान्सं बघत आसत्यात." नानासोंनी पट्टीचं टोक आत खोचलं. "मी उजवा धरला हुता. तवा मला सांगाय कोन न्हवतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

वीरधवल वडिलांच्या गुडघ्याकडे बघत राहिला. त्या गुडघ्याची हकिकत त्याने लहानपणापासून कितीजणांना सांगितली होती. शाळेत त्यावर निबंधसुद्धा लिहिला होता.

"गुडघ्याला काय झालंतं?" त्याने विचारलं.

"कायसुदिक न्हाई."

मग नानासो बोलायला लागले. बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं, थांबत, मध्येच पट्टीवरून हात फिरवत.

"तू बालवाडीत हुतास. सकाळी आंगुळीला पानी घेतलं आन बादलीकडं बघत बसलो. दुपारी पलटनीतल्या पोरांनी उठवलं तवा कळलं. मग रोजच तसं व्हायला लागलं. कुनाला बोललो न्हाई, रजा काढली आन घरी निघालो. वाटलं, आईजवळ दोन दिस ऱ्हायलं की बरं वाटंल. यष्टीतनं उतरलो, तर पारावर ज्ञानू बसलेला. त्यानं मला बघितलं आन हासला. वळख पटल्यागत हासला. तितनंच लंगडाय लागलो."

"आन पलटनीत?"

"तितं सरळ चालायचो. सुट्टीवर आलो की वेशीपासनं लंगडायचं. पेन्शनीत आलो, तवापासनं कायमचंच." ते किंचित हसले. "आता सरळ चालाय गेलो तर खरंच दुखतंय."

"मग बरं कवा वाटलं तुमाला?"

नानासोंनी खोचलेलं पट्टीचं टोक पुन्हा चाचपलं.

"येतंय, जातंय," ते म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात मळ्यात जाऊन नुसता बसायचो. तुज्या आईला वाटायचं, पानी देतोय."

मंगलबाई केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. हातात तेलाची वाटी होती. रोज या वेळेला त्या तेल कोमट करून नवऱ्याच्या गुडघ्याला चोळत, घरात सून येईल तेव्हा तिला काय काय शिकवायचं यात हेही त्यांनी धरून ठेवलेलं होतं.

"मग यवढी वरसं मी त्याल कुनाला लावलं?" त्या म्हणाल्या.

नानासोंची नजर त्या वाटीवर होती.

"रोज इचारायची. कुटं दुखतंय, हितं का, हितं का. आन तुमी गुडघा दावायचा." त्यांचा आवाज चिरकला. "एकदा तरी खरं दावायचं."

नानासोंनी मान वर केली.

"त्या तेलावरच तगलो, मंगल."

पोरासमोर त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. मंगलबाई येऊन खाली बसल्या, वाटी बाजूला ठेवली आणि त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. चोळायला मात्र लागल्या नाहीत, नुसता ठेवला.

"आज तू रडलास त्ये पायाचं न्हवतं," नानासो वीरधवलला म्हणाले.

"न्हवतं."

"बरं झालं. मला तवा रडाय बी आलं न्हाई."

वीरधवलने पाय वडिलांच्या मांडीवरून काढला नाही. इस्पितळातल्या मेजर बाईंनी सांगितलेलं ते एक माणूस आपल्या समोर, जमिनीवर, चिखलाच्या पायाने बसलं आहे, हे त्याला हळूहळू उमजत होतं.

"सूज उतरंपतुर पट्टी खरी हाय, तवर ठेवायची," नानासो उठताना म्हणाले. "मग सकाळचं चालाय जायाचं. रस्त्यानं. मी येतो संगट."

"आन लोक?"

"लोकांचं मी बघतो."

"आन साताऱ्याला एक डाक्टर हाय ह्या दुकन्याचा," मंगलबाई म्हणाल्या. "मी चौकशी केली मागंच, बोलले न्हाई. बुदवारी बसतो. सूज उतरली की दोगांनीबी जायाचं." त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "दोगांनीबी म्हनले मी."

त्या आत गेल्या. कॅल्शियमच्या डबीतल्या गोळ्या त्यांनी त्यांच्या खऱ्या खोक्यात भरल्या आणि ते खोकं घड्याळाखालच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं.

---

दुसऱ्या दिवशी वीरधवल बरा झाला, असं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिवस तो उठलाच नाही. पण आता नानासो येऊन कॉटच्या कडेला बसत आणि "आज लय जड हाय का?" असं विचारत, आणि तो "लय" म्हणे. तेवढं म्हणता येणं हीसुद्धा किती मोठी सोय आहे, ते त्याला नव्याने कळत होतं. कधी तोच उलटं विचारी, "आन तुमाला?" त्यावर नानासो जरा विचार करून खरं ते सांगत.

सूज उतरली, आणि एका सकाळी नानासो पांढरे कॅनव्हासचे बूट घालून अंगणात उभे राहिले. भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्याने पळत गेली, जाता जाता "जय हिंद, सुभेदार!" म्हणून गेली. थंडी ओसरायला लागली होती. मळ्याकडून ऊसतोडीच्या गाड्यांचा आवाज येत होता. बापलेक निघाले. वीरधवलच्या पायात पट्टी नव्हती, त्यामुळे त्याला काहीतरी अंगावर घालायचं राहिल्यासारखं वाटत होतं.

वळणावरून दूध केंद्र दिसू लागलं. नेहमीसारखी पंधरा-वीस माणसं कॅन घेऊन उभी होती. ती दिसली मात्र, आणि वीरधवलचा डावा पाय आपोआप जमिनीला घासायला लागला. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"पाय उचल," नानासो हळूच म्हणाले.

त्याने पाय उचलला. शेजारी नानासोही आपला गुडघा वाकवायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना दुखत होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"अरं वा!" लालासाहेबांनी दुरूनच आरोळी दिली. "चालाय लागला की आमचा जवान! बगा, केरबाचा हात! पाय कसाय रं?"

सगळे बघू लागले. नानासो थांबले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, "पाय..." म्हणाले आणि गप्प झाले. दूध मोजायच्या यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. वीरधवलला वाटलं, आता ते म्हणणार, बरा आहे, केरबाची कृपा. तसं म्हटलं असतं तर त्याने त्यांना दोष दिला नसता. त्यांनी इतकी वर्षं तेच केलं होतं.

"पाय बरा हाय," नानासो म्हणाले. "पाय मुरगळलाच न्हवता. मी खोटं बोलाय लावलं त्याला." मग त्यांनी आवाज जरा चढवला, कवायतीत चढवत तसा. "पोराला डिप्रेशनचा आजार झालाय. मनाचा आजार. औषध चालू हाय आन रोज चालायचं, आसं सांगितलंय. लपवण्यासारकं त्यात कायबी न्हाई."

एकाने कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. कुणीतरी वीरधवलकडे बघितलं आणि नजर वळवली. लालासाहेबांच्या हातातलं माप तसंच तरंगत राहिलं होतं. ते एकदा वीरधवलच्या पायाकडे बघत, एकदा त्याच्या तोंडाकडे.

"आरं, मग," ते शेवटी म्हणाले, "केरबानं बसवलं काय?"

वीरधवलला हसू फुटलं. त्याने आवरायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलं. मग मागचं कुणीतरी हसलं, मग रांगेतल्या चंद्राबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि पाहता पाहता सगळं दूध केंद्र हसायला लागलं. नानासोही हसले. वीरधवलचे डोळे पाण्याने भरले, आणि हे हसणं ओढून आणावं लागलेलं नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

सगळेच हसले असं नाही. दोघेजण पाठमोरे होऊन आपापसात काही कुजबुजले, ते वीरधवलने पाहिलं आणि नानासोंनीही पाहिलं. "चल," नानासो म्हणाले, आणि ते पुढे निघाले.

शाळेपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात मागून कुणीतरी झपझप येत असल्याचा आवाज आला. लालासाहेब होते. केंद्र तसंच टाकून आले होते, धाप लागली होती, आणि दोन्ही हातांनी कंबरेचा पट्टा धरून ठेवला होता.

"सुभेदार," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघितलं. "त्यो डाक्टर... कुटं बसतो म्हनलासा?"

नानासोंनी डॉक्टरचं नावसुद्धा काढलं नव्हतं. वीरधवलने वडिलांकडे बघितलं. वडील त्या पट्ट्याकडे बघत होते.

"साताऱ्यात," नानासो म्हणाले. "बुदवारी आमी दोगंबी जातोय दाखवाय. भाड्यानं जीप सांगितलीय, मागं जागा हाय."

लालासाहेब नुसते उभे राहिले, पट्ट्याच्या बकलावरून अंगठा फिरवत. दूध केंद्राकडून कुणीतरी त्यांच्या नावाने हाका मारू लागलं.

"किती वाजता निगायचं?" त्यांनी विचारलं.